खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी मुक्त शैलीच्या कुस्तीत बँटमवेट (५७ किलो) गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यापूर्वी १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती, परंतु तो काळ ब्रिटिश राजवटीचा होता.

लहान चणीचे शरीर, विलक्षण चपळता, मजबूत पकड आणि प्रतिस्पर्ध्याचा डाव अंगावर येताच त्याची तोड काढण्याची हातोटी ही खाशाबांच्या कुस्तीची वैशिष्ट्ये मानली जातात. या लहान चणीमुळेच त्यांना इंग्रजीत ‘पॉकेट डायनॅमो’ असे टोपणनाव मिळाले.

बालपण आणि शिक्षण

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यातील गोळेश्वर या गावी झाला. कराडलगत असलेले हे गाव कृष्णा आणि कोयना या नद्यांच्या परिसरात आहे. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान होते. पाच भावांमध्ये खाशाबा सर्वांत धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना कुस्तीचे धडे देण्यास सुरुवात केली.

१९४० ते १९४७ या काळात त्यांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. हा काळ सातारा जिल्ह्याच्या इतिहासातील धगधगता काळ होता. १९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनानंतर या भागात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. शालेय वयातील खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके व निरोप पोचवणे अशी कामे केली. देश स्वतंत्र झाला तेव्हा ते २१ वर्षांचे होते. नव्या राष्ट्राचा ध्वज ऑलिंपिकमध्ये फडकावा, ही आकांक्षा त्यांनी तेव्हापासून बाळगल्याचे सांगितले जाते.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तेथे बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. महाविद्यालयाच्या क्रीडास्पर्धेत त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा त्यांनी थेट प्राचार्यांकडे दाद मागितली आणि संधी मिळताच आपल्याहून धिप्पाड मल्लांना हरवले, अशी आठवण त्यांच्या चरित्रपर लेखनात आढळते. प्राचार्य खर्डीकर यांच्याशी जुळलेला हा स्नेह पुढे त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला.

कोल्हापूरची कुस्ती परंपरा

खाशाबांची कुस्ती ज्या वातावरणात वाढली, ते घडवण्यात राजर्षी शाहू महाराजांचा मोठा वाटा होता. शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, तालमींना मदत केली आणि १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. मध्यभागी मातीचा आखाडा आणि भोवती उतरती बैठकव्यवस्था अशी या मैदानाची रचना आहे. मोतीबाग, गंगावेस यांसारख्या तालमींत खेडोपाड्यांतून आलेली मुले वस्तादांच्या हाताखाली राहत, पहाटे मेहनत करत आणि सायंकाळी लढत. १९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले, तरी ही परंपरा खंडित झाली नाही.

तालमीच्या या व्यवस्थेत धिप्पाड मल्लाला मान अधिक असे. यात्रेच्या फडात जोड ठरवताना वजनाचा काटा लावण्याची पद्धत नव्हती. साधारण अंगलट पाहून जोड लावली जाई. हलक्या अंगाच्या मल्लाला अनेकदा आपल्याहून वजनदार गड्याशी लढावे लागे. अशा मल्लाला केवळ जोरावर विसंबून चालत नसे. खाशाबांच्या कुस्तीतील चपळता आणि बचावाची शिस्त समजून घेताना ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते.

शक्तिसाधना आणि बचावाचे तंत्र

मातीवरच्या कुस्तीतील मेहनतीचा पाया जोर आणि बैठका हा असतो. जोरांमुळे खांदे, छाती व दंड बळकट होतात, तर बैठकांमुळे मांड्या आणि कंबर. आखाड्यातील माती फावड्याने उकरणे, दोरावर केवळ हातांनी चढणे, मल्लखांब, गदा आणि करेला फिरवणे या व्यायामांतून पंजा, मनगट आणि हाताचा कोपरापुढील भाग कसदार होतो. आखाड्याच्या तांबड्या मातीत हळद, ताक आणि तेल मिसळून ती मऊ राखली जाते. या मातीत रोज लढताना बोटांची पकड आपोआप वाढते, कारण घामाने निसरडे झालेले अंग मातीमुळेच हाती धरता येते.

कुस्तीची सुरुवात सलामीने आणि खडाखडीने होते. खडाखडीत दोन्ही मल्ल एकमेकांचे पंजे, मनगटे आणि मान धरून ताकद अजमावतात. बचावाची पहिली फळी येथेच असते. कोपरे शरीराजवळ ठेवणे, मनगट वाकू न देणे, मान ताठ राखणे आणि कंबर किंचित मागे ठेवून पायांपर्यंत प्रतिस्पर्ध्याचा हात पोचू न देणे, हे त्यातील मूलभूत नियम आहेत. गावोगावी खेळल्या जाणाऱ्या पंजा लढवण्याच्या खेळातही हेच तत्त्व दिसते. ज्याचे मनगट वाकते आणि ज्याचा हात शरीरापासून दूर ओढला जातो, त्याचा दंड कितीही बळकट असला तरी बळ वाया जाते. उलट हात अंगाजवळ राखणाऱ्याला खांद्याचे आणि पाठीचे बळ वापरता येते, आणि तो बराच काळ तग धरू शकतो.

बचावाची दुसरी फळी म्हणजे तोड. प्रत्येक डावाला त्याची तोड असते, असे तालमीत शिकवले जाते. पट काढण्यासाठी प्रतिस्पर्धी खाली झेपावला, तर पाय मागे फेकून त्याच्या पाठीवर वजन टाकायचे. त्याने मान धरली, तर त्याचाच हात कवेत घेऊन फिरायचे. तिसरी फळी खाली सापडलेल्या मल्लाची. पोटावर पडून अंग पसरणे, हात खाली दाबून सवारीला वाव न देणे आणि अगदी चीत होण्याच्या वेळी डोके व पाय टेकवून पाठ कमानीसारखी उचलून धरणे, हे उपाय त्यासाठी योजतात. यासाठी मानेची ताकद सर्वांत महत्त्वाची असते आणि ती सावकाश, वर्षानुवर्षांच्या मेहनतीनेच येते.

खाशाबांचा आवडता डाव ढाक हा होता. प्रतिस्पर्ध्याची मान व हात कवेत घट्ट पकडून, अंग झपाट्याने वळवून त्याला कमरेवरून जमिनीवर फेकणे, असे या डावाचे स्वरूप आहे. ढाक हा आक्रमणाचा डाव असला तरी त्याची संधी बहुधा बचावातून मिळते. प्रतिस्पर्धी अंगावर चालून येतो, त्याचा तोल पुढे जातो आणि त्याच क्षणी त्याचे वजन त्याच्याच विरुद्ध वापरता येते. आपल्याहून भारी मल्लाला लवकर चीत करण्याची जी ख्याती खाशाबांना मिळाली, तिच्यामागे हे तंत्र होते.

लंडन ऑलिंपिक, १९४८

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. अमेरिकेचे माजी विश्वविजेते रीस गार्डनर यांनी या स्पर्धेसाठी त्यांना मार्गदर्शन केले.

लंडनच्या एम्प्रेस हॉलमध्ये खाशाबांना प्रथमच मोठ्या स्पर्धेत गादीवर लढावे लागले. माती आणि गादी यांत मोठे अंतर आहे. मातीत पाय रुततो, हालचाल काहीशी संथ होते आणि कुस्ती चितपटीनेच निकाली निघते. पोटावर पडून राहिलेला मल्ल तेथे बराच वेळ काढू शकतो. गादीवर पाय मोकळा फिरतो, पट झपाट्याने निघतो आणि ठरावीक वेळेत चितपट न झाल्यास पंच आपला कौल देतात. त्यामुळे केवळ तग धरणाऱ्याला गादीवर विजय मिळत नाही. बचाव करता करता गुण मिळवणे तेथे आवश्यक ठरते.

या अनोळखी परिस्थितीतही खाशाबांनी फ्लायवेट (५२ किलो) गटात ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच पराभूत करून प्रेक्षकांना चकित केले. त्यानंतर त्यांनी अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र त्यांना पराभव पत्करावा लागला आणि ते सहाव्या स्थानावर राहिले. त्या काळातील भारतीय कुस्तीगिरासाठी ही कामगिरी उल्लेखनीय होती. पुढील चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली आणि वजन वाढवून बँटमवेट गटात उतरण्याचा निर्णय घेतला.

निवडीचा वाद आणि निधीसंकलन

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वी मद्रास येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबांना निरंजन दास यांच्यापेक्षा एक गुण कमी देण्यात आला. हा निकाल पक्षपाती असल्याची त्यांची तक्रार होती. त्यांनी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, पतियाळाचे महाराज यादविंदर सिंग यांच्याकडे दाद मागितली. महाराजांनी चाचणी लढत घेण्याची व्यवस्था केली. त्या लढतीत खाशाबांनी निरंजन दास यांना पराभूत केले आणि त्यांचा संघात समावेश झाला.

निवड झाली, तरी प्रवासखर्चाचा प्रश्न उरला. गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी आणि जाधव कुटुंबीयांनी घरोघरी फिरून वर्गणी गोळा केली. ती पुरेशी नव्हती. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळात ही रक्कम मोठी होती आणि ती परत मिळण्याची कोणतीही हमी नव्हती. एका विद्यार्थ्यासाठी शिक्षकाने घेतलेली ही जोखीम खाशाबांच्या चरित्रातील महत्त्वाची घटना मानली जाते.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

हेलसिंकी येथील कुस्तीच्या लढती मेसुहाल्ली या सभागृहात झाल्या. त्या वेळी कुस्तीत दोषगुणांची पद्धत होती. चितपट विजय मिळवणाऱ्याला एकही दोषगुण मिळत नसे, पंचांच्या कौलाने जिंकणाऱ्याला एक दोषगुण मिळे, आणि पराभूताला त्याहून अधिक. पाच दोषगुण झाले की मल्ल स्पर्धेबाहेर जाई. त्यामुळे एका पराभवाने स्पर्धा संपत नसे, परंतु प्रत्येक लढतीत चितपटीसाठी झटणे आणि हरताना कमीत कमी नुकसान होऊ देणे या दोन्ही गोष्टींना महत्त्व होते.

या स्पर्धेत खाशाबांच्या लढती पुढीलप्रमाणे झाल्या :

• कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन – चितपट विजय
• मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो – चितपट विजय
• जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ – पंचांच्या २–१ अशा कौलाने विजय
• जपानचा शोहाची इशी – पराभव
• सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव – पराभव

जर्मन मल्लाविरुद्धची लढत पंचांच्या एका मताने निकाली निघाली. त्या लढतीत एका क्षणाचीही चूक झाली असती, तर पदक हुकले असते. इशीविरुद्धची कुस्ती दीर्घकाळ चालली आणि तिने खाशाबांची दमछाक झाली. नियमानुसार दोन लढतींमध्ये किमान ३० मिनिटांची विश्रांती मिळणे आवश्यक होते. तथापि, त्यांना लगेचच ममदबेयोवविरुद्ध उतरण्यास सांगण्यात आले. त्यांच्या वतीने हरकत नोंदवील असा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी सभागृहात उपस्थित नव्हता. थकलेल्या खाशाबांना ती लढत गमवावी लागली.

अखेर इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. २३ जुलै १९५२ हा पदकाचा दिवस मानला जातो. याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले. भारतीय हॉकी संघाने याच वर्षी सुवर्णपदक जिंकल्याने देशभरातील वृत्तपत्रांचे लक्ष प्रामुख्याने हॉकीकडे राहिले.

स्वागत आणि कर्जफेड

खाशाबा मायदेशी परतले, तेव्हा कराड परिसराने त्यांचे जे स्वागत केले, त्याची आठवण आजही सांगितली जाते. कराड रेल्वे स्थानकावरून १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, लेझीम आणि फटाक्यांच्या गजरात ती गोळेश्वरला पोचली, तेव्हा एरवी थोडक्या वेळाच्या या वाटेला सुमारे सात तास लागले होते.

सत्कार स्वीकारून ते थांबले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, त्यात स्वतः लढले आणि मिळालेल्या उत्पन्नातून प्राचार्य खर्डीकर यांचे गहाण घर सोडवले. ऑलिंपिक पदकविजेत्याने आपल्या शिक्षकाचे ऋण फेडण्यासाठी पुन्हा मातीत उतरावे, ही घटना त्या काळातील खेळाडूंच्या आर्थिक स्थितीवर प्रकाश टाकते.

पोलीस सेवा

१९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी सुरू असताना गुडघ्याला झालेल्या गंभीर दुखापतीमुळे ते त्या स्पर्धेत सहभागी होऊ शकले नाहीत आणि त्यांची ऑलिंपिक कारकीर्द संपुष्टात आली. पोलीस दलांतर्गत स्पर्धांत मात्र त्यांनी अनेक विजय मिळवले, तसेच क्रीडाप्रशिक्षक म्हणूनही काम केले.

सुमारे २७ वर्षे सेवा करून ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. निवृत्तिवेतन मिळवण्यासाठी त्यांना बराच झगडा करावा लागला. क्रीडाक्षेत्राकडूनही त्यांची उपेक्षा झाली आणि उत्तरायुष्य आर्थिक अडचणीत गेले. १९८२ साली दिल्ली येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले. सार्वजनिक जीवनात त्यांची दखल घेतली गेल्याचा हा मोजक्या प्रसंगांपैकी एक होता.

मृत्यू

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात खाशाबांचे निधन झाले. मृत्युसमयी ते ५८ वर्षांचे होते.

सन्मान

खाशाबांना मिळालेले बहुतेक सन्मान मरणोत्तर आहेत. महाराष्ट्र शासनाने त्यांना मरणोत्तर छत्रपती पुरस्कार दिला. भारत सरकारने २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर जाहीर केला. पद्म पुरस्कार मात्र त्यांना हयातीत मिळाला नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेत्याला तो द्यावा, अशी मागणी त्यांचे कुटुंबीय आणि कुस्तीप्रेमी वेळोवेळी करत आले आहेत.

२०१० साली दिल्ली येथे झालेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेच्या वेळी इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहास त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या ९७ व्या जयंतीनिमित्त, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे विशेष चित्र प्रसिद्ध केले. महाराष्ट्र शासनाने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला आहे. गोळेश्वर येथे त्यांच्या नावाचे कुस्ती संकुल उभारण्याचा विषय अनेक वर्षे चर्चेत राहिला आहे. संजय दुधाणे यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे.

महत्त्व

हेलसिंकीनंतर भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ४४ वर्षे लागली. १९९६ साली अटलांटा येथे लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले. कुस्तीतील पुढचे पदक त्याहून उशिरा, म्हणजे ५६ वर्षांनी, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुशील कुमार यांनी जिंकले. या दीर्घ अंतरामुळे खाशाबांच्या यशाचे मोल अधिक ठळकपणे जाणवते.

त्यांच्या काळात भारतात गादीवरच्या कुस्तीची साधने नगण्य होती. मातीत कमावलेली पकड, मान व कंबर यांची ताकद आणि प्रतिस्पर्ध्याच्या डावाची तोड काढण्याची सवय एवढ्या भांडवलावर ते जागतिक स्पर्धेत उतरले, आणि लंडनमधील अनुभवातून शिकून चार वर्षांत त्यांनी ते भांडवल गादीला साजेसे करून घेतले. मातीवरची कला टाकून न देता तिला नव्या नियमांशी जोडता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिले. पुढच्या काळात महाराष्ट्रातील तालमींमध्ये मातीबरोबर गादीचाही सराव रूढ झाला, तेव्हा त्यांचे उदाहरण मल्लांसमोर होते. आखाड्यात बचाव भक्कम असलेल्या या मल्लाच्या पाठीशी आखाड्याबाहेर मात्र पुरेसे पाठबळ उभे राहिले नाही. म्हणूनच खेळाडूंची निवड, त्यांचा खर्च आणि त्यांचे निवृत्तिजीवन यांविषयीच्या चर्चेत त्यांचे नाव आजही घेतले जाते.